बाटली क्रमांक ५३-एन

"काय रे, तू म्हणे त्या जंतूवर लस काढलीस?"

मामीने हे विचारलं तेव्हा मी तिच्या ओट्याला टेकून चहा पीत उभा होतो. मामांना जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. मी आईला काहीतरी सांगितलं होतं, आईने मामीला फोनवर काहीतरी सांगितलं होतं आणि या दोन पायऱ्यांमध्ये 'मित्राला प्रोग्रॅम लिहून देतोय'चं 'लस काढली' झालं होतं. आईला दोष देता येणार नाही. आम्ही जो पेपर लिहीत होतो त्याच्या शीर्षकातच लस हा शब्द होता.

"अजून कम्प्युटरवरच आहे गं," मी म्हणालो.

"मग येणार कधी?"

"वेळ लागतो."

मामीचं घर शिवडीला, माझं वडाळ्याला. हार्बरवर मधे एकही स्टेशन नाही, पण त्या संध्याकाळी मी गाडी सोडून चालत आलो, कारण ते 'वेळ लागतो' मलाच टोचत होतं. वेळ लागतो म्हणजे वेळ गेला की येते. आमची लस येणार नव्हती. ती कोणी बनवणार नव्हतं, कोणाला टोचणार नव्हतं, उंदरालासुद्धा नाही. हे मला माहीत होतं, मित्राला माहीत होतं, पेपर तपासणाऱ्यांनाही माहीत असणार. माहीत नव्हतं ते फक्त मामीला, आणि विचारत होती तीच.

मामा पोर्ट ट्रस्टमध्ये क्रेनवर होते. २०२२च्या पावसाळ्यात ते बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं. मग न्यूमोनिया, मग व्हेंटिलेटर, मग एक कागद. तो कागद म्हणजे कल्चर रिपोर्ट. वर जंतूचं नाव, क्लेब्सिएला न्यूमोनिए. खाली दोन रकाने: डावीकडे औषधांची नावं, उजवीकडे एकेक अक्षर. सेफ्ट्रायॅक्सोन आर, सिप्रोफ्लॉक्सासिन आर, अमिकासिन आर, मेरोपेनेम आर. आर म्हणजे रेझिस्टंट. मी पोटासाठी तक्तेच वाचतो, त्यामुळे हा तक्ता डॉक्टरांनी समजावायच्या आधीच मला समजला. शेवटून दुसरी ओळ कोलिस्टिनची होती, तिच्यापुढे आय होता, म्हणजे इंटरमीजिएट, मधला. मला वाटलं, चला, निदान एक अर्धा दरवाजा तरी उघडा आहे. नंतर वाचलं की कोलिस्टिनपुढे आता बऱ्याच लॅब एस म्हणजे 'लागू पडेल' असं लिहीतच नाहीत. त्या औषधाला मिळू शकणारा सगळ्यात चांगला शेरा म्हणजेच आय. कोलिस्टिन मूत्रपिंडांना जड जातं. मामांनाही गेलं. एकोणिसाव्या दिवशी सगळं संपलं. तिथल्या लोकांनी करता येण्यासारखं सगळं केलं असंच मला वाटतं, म्हणून कोणावर राग काढायचीही सोय नाही.

'द लॅन्सेट'मध्ये २०२२ साली आलेल्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात जगभरात औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे थेट १२.७ लाख माणसं गेली, आणि क्लेब्सिएला त्यातल्या पहिल्या सहा गुन्हेगारांपैकी एक. आकडा वाचून मला काहीच वाटलं नव्हतं. तक्ता वाचून वाटलं.

तर मित्राने विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हणालो त्याचं कारण हे. हा मित्र अकरावी-बारावीपासूनचा. मी इंजिनियरिंगला गेलो, तो बायोइन्फर्मॅटिक्सला. मी आता पैशांचे हिशेब जुळवणारं सॉफ्टवेअर लिहितो. तो एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. म्हणजे तास घेतला तर पैसे, मे महिन्यात शून्य. फाइव्ह गार्डनच्या कट्ट्यावर तो म्हणाला, "क्लेब्सिएलावर मल्टी-एपिटोप लस डिझाइन करतोय. सर्व्हरवर एकेक फाइल हाताने टाकतोय रे. तुझ्यासारखा पायथनवाला मिळाला तर महिन्याचं काम शनिवार-रविवारात होईल." सहा शनिवार-रविवार लागले.

काम काय होतं ते थोडं सविस्तर सांगतो. या जीवाणूचा जनुकसंच म्हणजे साधारण ५५ लाख अक्षरांची एक मजकूर फाइल. तिच्यात पाच हजारांच्या वर प्रथिनांच्या कृती लिहिलेल्या आहेत. त्यातली कोणती प्रथिनं जवळजवळ सगळ्या वाणांमध्ये सापडतात ते आधी शोधायचं. मग त्यातली पेशीच्या बाहेरच्या भिंतीवर कोणती असावीत याचा अंदाज घ्यायचा, कारण आपली प्रतिकारशक्ती आधी बाहेरचंच बघते. माणसाच्या प्रथिनांशी साम्य असलेली गाळायची. उरलेल्यांचे नऊ-नऊ, पंधरा-पंधरा अक्षरांचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा आपल्या पेशींवरच्या एचएलए रेणूंना किती घट्ट चिकटेल याचं गुणांकन करायचं. चांगले गुण मिळालेले तुकडे ठरलेल्या जोडाक्षरांनी माळेसारखे ओवायचे. माळेच्या टोकाला प्रतिकारशक्तीला डिवचणारं एखादं प्रथिन लावायचं. मग ही माळ आभासी रेणूला आभासी रीतीने चिकटवून बघायची, आभासी माणसाला तीन आभासी डोस द्यायचे, आणि प्रतिपिंडांचा आलेख वर गेला की पेपर लिहायला बसायचं.

यातली जवळजवळ सगळी साधनं फुकट आहेत. लॅपटॉप आणि वायफाय असलं की झालं. प्रामाणिकपणे सांगतो, मजा आली. रविवारी रात्री दोन वाजता ५,००० प्रथिनांची चाळणी पूर्ण होऊन पडद्यावर अकरा नावं उरली तेव्हा मला मामांची आठवण आली आणि मी काहीतरी करतोय असं वाटलं. लेकरू हरवलेल्या घरात लोक उगाच कपाटं आवरतात, तसलंच ते असेल. तरी वाटलं खरं.

पहिली खुट्ट वाजली ती ०.४ या आकड्यावर. चाळणीतली एक पायरी म्हणजे व्हॅक्सिजेन नावाचं, २००७ पासून वापरात असलेलं साधन. प्रथिनाची अक्षरं दिली की ते एक गुण देतं. जीवाणूंसाठी ठरलेली सीमारेषा ०.४, वर गेलं तर 'अँटिजेन', खाली राहिलं तर नाही. माझ्या कोडमध्ये अशी ओळ दिसली की मी सवयीने विचारतो, हा आकडा कुठून आला? शोधलं तर ते प्रारूप १०० माहीत असलेली अँटिजेन आणि १०० अँटिजेन नसलेली प्रथिनं यांच्यावर शिकवलेलं. करणाऱ्यांनी हे सगळं उघड लिहून ठेवलंय, त्यात लपवाछपवी काही नाही. पण दोनशे उदाहरणांवर शिकलेलं एक कामचलाऊ साधन गेली कित्येक वर्षं शेकडो पेपरांमध्ये न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलंय. आमच्याही.

मग दुसरी गोष्ट. ही सगळी कृती मुळात विषाणूंच्या लसींच्या पेपरांमधून उचललेली होती. विषाणू पेशीच्या आत शिरतो, म्हणून ती पेशीच मारणाऱ्या टी-पेशींना जागं करणारे तुकडे त्यात घालतात. क्लेब्सिएला बहुतांशी पेशींच्या बाहेर वाढतो. मग ते तुकडे आमच्या माळेत कशाला? मित्र म्हणाला, "सगळे घालतात. नसले तर रिव्ह्यूअर विचारतो." शिवाय या जीवाणूला साखरेच्या रेणूंचं जाड आवरण असतं, आणि भिंतीवरची आमची निवडक प्रथिनं त्या आवरणाखाली झाकलेली असण्याची दाट शक्यता. आमच्या पाइपलाइनला आवरण हा प्रकारच माहीत नव्हता. पेपरात आणखी एक वाक्य होतं, की ही लस जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांना लागू पडेल. त्या आकड्याचा खरा अर्थ एवढाच की इतक्या लोकांमध्ये आमच्या तुकड्यांपैकी किमान एक तुकडा त्यांच्या एचएलए रेणूला चिकटू शकेल असं गणित म्हणतं. चिकटेल आणि वाचवेल यात जे अंतर आहे ते त्या वाक्यात कुठेच नव्हतं.

आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे. गिऱ्हाईक बोंबलत असतं आणि प्रोग्रॅमर म्हणतो, माझ्या मशीनवर चालतं. आमचा पूर्ण पेपर म्हणजे 'माझ्या मशीनवर चालतं' हे एक वाक्य होतं, दहा आलेख लावून लिहिलेलं. शेवटच्या परिच्छेदात मात्र परंपरेप्रमाणे ओळ होती: प्रयोगशाळेत पडताळणी आवश्यक आहे. ती कोण करणार, कुठे, कशाने, हे नव्हतं. असल्या पेपरांत ते बहुधा नसतंच.

इथवर वाचून कोणी म्हणेल, बरं मग? कोणाचं काय बिघडलं? कोणाला टोचलं नाही, कोणी मेलं नाही. मीही आधी हेच म्हणत होतो. याचं उत्तर मला परळला सापडलं, म्हणजे वडाळ्याहून चालत जाता येईल अशा अंतरावर.

आचार्य दोंदे मार्गावरून जाताना हाफकिन संस्थेचं फाटक कैक वर्षं बघत आलोय. लहानपणी तिथे साप असतात एवढंच माहीत होतं. ती गोष्ट वाचली ती या पेपराच्या निमित्ताने. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीला प्लेग सापडला. ऑक्टोबरात वाल्देमार हाफकिन मुंबईत दाखल झाला. ओडेसाचा, पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून आलेला, आणि पटकीच्या लसीमुळे हिंदुस्थानात आधीच नाव झालेला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. ताप चढला, उतरला. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला होता. तिथल्या जवळपास निम्म्या कैद्यांना लस दिली, बाकीच्यांना नाही, आणि दोन्हीकडचे आजारी मोजले. लस घेतलेल्यांमध्ये ते स्पष्टपणे कमी निघाले. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तीच आजची संस्था. हाफकिनचं नाव तिला १९२५ मध्ये मिळालं.

हाफकिनची गोष्ट सांगताना आपण बहुतेक वेळा इथेच, स्वतःच्या दंडावर, थांबतो. मला तो भाग तितकासा पटत नाही. स्वतःला टोचून घेणं धाडसाचं खरं, पण एका माणसाने लस घेऊन तो जगला यातून काही सिद्ध होत नाही. सिद्ध झालं ते तुरुंगात, आणि तुरुंगात 'स्वेच्छेने' या शब्दाला कितीसा अर्थ असतो? त्या कैद्यांची नावं संस्थेच्या भिंतीवर कुठे असतील असं वाटत नाही. तेव्हा हाफकिनसारखं करा, असं मला म्हणायचं नाहीये. मला धरून ठेवलं ते पुढे पाच वर्षांनी घडलेल्या प्रसंगाने.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबात मलकोवाल नावाच्या गावी परळहून गेलेल्या पाच बाटल्यांतून १०७ लोकांना लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतून लस दिली होती: क्रमांक ५३-एन. चौकशी बसली. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिनचं पद गेलं, तो युरोपात परतला. पुढे तपशील बाहेर आला की गावात ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. म्हणजे दूषितीकरण बाटली उघडताना झालेलं, भरताना नव्हे. रोनाल्ड रॉससारखे शास्त्रज्ञ हाफकिनच्या बाजूने जाहीरपणे लिहीत राहिले आणि १९०७ मध्ये तो निर्दोष ठरला. पाच वर्षं गेली ती गेलीच.

आमच्याकडे सर्व्हर पडला की दुसऱ्या दिवशी जी बैठक होते तिला पोस्टमॉर्टेम म्हणतात. (मामांनंतर काही महिने मला तो शब्द उच्चारता येत नव्हता, मी 'रिव्ह्यू' म्हणायचो.) त्या बैठकीत एकच काम असतं, बिघाडापासून मागे मागे जायचं. कोणता व्यवहार, कोणता सर्व्हर, कोणती आवृत्ती, कोणाची ओळ. हे शक्य होतं कारण प्रत्येक गोष्टीला क्रमांक असतो. मलकोवालमध्ये ते शक्य झालं कारण बाटलीला क्रमांक होता. त्या क्रमांकामुळे हाफकिनवर आधी अन्याय झाला आणि नंतर न्यायही. चूक कुणाची ते शोधता येईल अशा जागी त्याने स्वतःचं काम ठेवलं होतं. एकोणीस माणसं मेली हे भयंकर, त्याला काही उतारा नाही. पण त्या कामाला चुकता येत होतं.

आमच्या लसीला चुकताच येत नव्हतं. तिची बाटलीच नाही. ती कोणाला वाचवू शकली नाही असं उद्या कोणी दाखवू शकणार नाही, कारण ती कोणापर्यंत जाणारच नाही. मी वर्षभर जे सॉफ्टवेअर लिहितो त्यात दोन रुपये इकडचे तिकडे झाले तरी रात्री तीनला फोन वाजतो. आणि इथे, माणसं मारणाऱ्या जीवाणूवरच्या कामात, फोन वाजण्याची व्यवस्थाच नव्हती. मला बोचत होतं ते हे: कामाचा विषय जितका गंभीर, तितका मी निश्चिंत.

बर्नार्ड विल्यम्स या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९७६च्या एका निबंधात ट्रक ड्रायव्हरचं उदाहरण दिलंय. ड्रायव्हरची काही चूक नसताना एक मूल त्याच्या चाकाखाली येतं. बघ्यांनाही वाईट वाटतं, पण ड्रायव्हरला वाटतं ते वेगळं असतं, आणि ते वेगळं असायलाच हवं, असं तो म्हणतो. 'तुझी चूक नव्हती' हे लगेच पटणारा ड्रायव्हर आपल्याला विचित्र वाटेल. वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलच्या आसपास वाढलेल्या माणसाला हे उदाहरण समजायला पुस्तक लागत नाही. मलकोवालची बातमी परळला आली त्या रात्री हाफकिनला हे वाटलं असणार, चिमट्याचं कळायच्या कितीतरी आधी. मी मात्र असा ड्रायव्हर होतो ज्याने ट्रक फक्त व्हिडिओ गेममध्ये चालवला आणि लोकांना सांगितलं, पंचवीस वर्षांत एकही अपघात नाही.

हे सगळं मी मित्राला सांगितलं. तो चिडला. त्याचं म्हणणं मी जमेल तितकं त्याच्याच शब्दांत देतो, कारण मला अजूनही त्याला पुरतं उत्तर देता आलेलं नाही.

"तुझं बरंय रे. तू डिस्काउंट कुपनचा हिशेब जुळवतोस, तेव्हा तुला कोणी नीतिशास्त्र विचारत नाही. आमच्या डिपार्टमेंटला सेंट्रिफ्यूज आहे, तो दोन वर्षं बंद आहे. पेप्टाइड बनवून घ्यायचे पैसे कोण देणार? उंदरावर प्रयोग करायचा तर प्राण्यांसाठीची नैतिक समिती लागते, प्राणिगृह लागतं. आमच्याकडे कबुतरं आहेत, ती पण व्हरांड्यात. ज्यांच्याकडे लॅब आहे ते लॅबचं काम करतात, ज्याच्याकडे लॅपटॉप आहे तो लॅपटॉपचं करतो. पेपर नसेल तर पीएचडीला घेत नाहीत, पीएचडी नसेल तर कायम करत नाहीत. आणि खोटं कुठे लिहिलंय? शेवटी लिहिलंय ना, पडताळणी हवी?"

उंदराला टोचायचं तर समितीची परवानगी लागते आणि 'जगातल्या नव्वद टक्के लोकांना लागू' असं लिहायला काही लागत नाही, ही त्याच्या बोलण्यातली गोष्ट मी माझ्या बाजूने वापरू शकलो असतो. वापरली नाही. तो सेंट्रिफ्यूजबद्दल खरं बोलत होता.

आणि संगणकाने लस शोधणं हे मुळात थोतांड आहे असंही नाही. उलट त्याची सुरुवात फार चांगली आहे. मेनिंजायटिस बी या जीवाणूवर लस बनवायचे नेहमीचे मार्ग खुंटले होते. इटलीतल्या सिएना इथे रिनो रापुओली आणि सहकाऱ्यांनी जीवाणू बाजूला ठेवून त्याचा जनुकसंच वाचायला घेतला. संगणकाने सुमारे ६०० प्रथिनं सुचवली. इथवर आमच्यासारखंच. पण मग त्यांनी त्यातली ३५० प्रत्यक्षात बनवली, उंदरांना टोचली, आणि उंदरांच्या रक्ताने जीवाणू मरतो का ते बघितलं. हे २००० साली छापून आलं. युरोपात त्या लसीला परवानगी मिळाली २०१३च्या जानेवारीत. मामीला मी जे 'वेळ लागतो' म्हणालो तो हा वेळ, आणि त्या वेळात ही माणसं रोज चुकत होती, सुचवलेल्यातलं बहुतेक टाकून देत होती. शेवटी त्या लसीत निवडलेल्या प्रथिनांबरोबर न्यूझीलंडमधल्या एका जुन्या लसीतले जीवाणूच्या बाहेरच्या आवरणाचे फुगेही घालावे लागले.

गंमत म्हणजे औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंच्या बाबतीत या लसीचा सगळ्यात मोठा उपयोग त्या फुग्यांतूनच निघाला. २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी जुन्या नोंदी तपासल्या, तर ती जुनी लस घेतलेल्या तरुणांमध्ये गनोरियाचं प्रमाण साधारण ३१ टक्क्यांनी कमी. गनोरियाचा जीवाणू हा मेनिंजायटिसवाल्याचा चुलतभाऊ, आणि एकेक अँटिबायोटिक निकामी करत आलेला. हे कोणत्याही प्रोग्रॅमने सुचवलं नव्हतं. कोणीतरी दवाखान्याची रजिस्टरं बघितली. २०२५च्या ऑगस्टपासून इंग्लंडमध्ये जास्त जोखमीच्या लोकांना मेनिंजायटिसची हीच लस गनोरियासाठी द्यायला सुरुवात झाली.

उलट दिशेचंही उदाहरण आहे. स्टॅफिलोकोकस ऑरियसवर मर्क कंपनीने व्ही७१० नावाची लस बनवली होती. तिच्यामुळे प्रतिपिंडं छान तयार होत होती; आलेख वर जात होता. छातीची शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे ८,००० रुग्णांवर चाचणी झाली आणि २०११ मध्ये ती थांबवावी लागली. लसीने संसर्ग टळत नव्हते. आणि ज्यांना तरीही संसर्ग झाला त्यांच्यात लस घेतलेले जास्त प्रमाणात मेले. चांगला आलेख असलेली लस माणसाचं नुकसान करू शकते हे आपल्याला कळलं, कारण कोणीतरी ती मोजायचं कबूल केलं होतं. पडताळणी आवश्यक आहे, या आमच्या शेवटच्या ओळीमागे एवढं सगळं उभं असतं. आम्ही ती पत्राखाली 'कळावे, लोभ असावा' लिहितात तशी लिहिली होती.

मग लॅपटॉपवाल्याने करायचं काय? याचंही उत्तर परळमध्येच आहे, फार लहानसं. तिथल्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने जीवाणूंना मारणाऱ्या पेप्टाइडांचा कॅम्प नावाचा डेटाबेस बनवलाय. २०१० पासून जगभर वापरतात. पहिल्याच आवृत्तीत त्यांनी प्रयोगाने सिद्ध झालेली पेप्टाइडं आणि नुसती भाकीत केलेली पेप्टाइडं असे दोन वेगळे गठ्ठे केले. बस, एक रकाना जास्तीचा. पण तो रकाना असला की तुमची ओळ कोणत्या गठ्ठ्यात आहे ते कोणालाही दिसतं, आणि या गठ्ठ्यातून त्या गठ्ठ्यात जायला काय लागतं तेही.

खाडीपलीकडे नवी मुंबईत २०१८ मध्ये महापालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना टायफॉइडची नवी लस दिली. टायफॉइडच्या जीवाणूवर आपल्याकडे अँटिबायोटिकं कशी एकामागून एक बोथट होत गेली ते आपण बघतोच आहोत. शहरातल्या २२ आरोग्य केंद्रांपैकी आधी ११ केंद्रांच्या हद्दीत लस दिली, एक लाखावर मुलांना, आणि दोन्ही भागांतला टायफॉइड मोजला. तो लस दिलेल्या भागात कमी झाला. मला तिथेही प्रश्न पडतो, दुसऱ्या ११ केंद्रांच्या हद्दीतल्या आईला काय सांगितलं असेल? तुमची पाळी नंतर. भायखळ्याच्या तुरुंगापासून हा प्रश्न आपल्याबरोबर चालतोय आणि त्याचं स्वच्छ उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच की मोजणाऱ्यांना तो प्रश्न टाळता येत नाही. आम्हाला आला होता.

मी मित्राला तीन गोष्टी सुचवल्या. शीर्षकातून लस शब्द काढून 'लसीसाठी तपासण्याजोगी प्रथिनं' असं काहीतरी करायचं. कोड आणि गाळलेली नावं उघड ठेवायची. आणि एक परिच्छेद जोडायचा: पुढचा कोणता प्रयोग केला तर आमची निवड चूक ठरेल. उदाहरणार्थ, आवरण असलेल्या वाणावर या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं चिकटलीच नाहीत, तर अकरातली अमुक आठ बाद. त्याने कोड उघड ठेवायला मान्यता दिली. परिच्छेद अर्धा ठेवला. शीर्षक बदलायला नकार दिला. म्हणाला, त्या नावाने कोणी वाचणार नाही, आणि ते खरंही असेल. मी लेखकांच्या यादीतून नाव काढून घेतलं. तो म्हणाला, "शहाणपणा करतोयस." आभारांमध्ये मी आहे.

पेपर छापून आला. त्या जोरावर त्याला पीएचडीला प्रवेश मिळाला, आणि यावेळी लॅब असलेल्या ठिकाणी. माझ्या तत्त्वनिष्ठेची मला किंमत काहीच पडली नाही, कारण माझा पगार दुसरीकडून येतो. त्याच्या तडजोडीतून निदान एक माणूस प्रयोगशाळेत पोचला. हा हिशेब मी बऱ्याचदा मांडून बघतो आणि तो जुळत नाही. जुळवणं माझा धंदा असून.

शिवडीला मात्र मी परत गेलो. दिवाळीच्या आधी, रविवारी. मामी माळ्यावरचे डबे खाली काढत होती. मी स्टुलावर चढून डबे देत देत सांगितलं की ती लस वगैरे काही नाहीये, नुसती एक यादी आहे, पुढे कोणी तपासली तर तपासली, बहुतेक नाहीच तपासणार. वेळ लागतो म्हणालो होतो ते चुकीचं बोललो.

ती डब्यावरची धूळ पुसत राहिली. मग म्हणाली, "मी समोरच्या वहिनींना सांगून बसले ना. त्यांच्या नातवाला असंच काहीतरी झालंय, दवाखान्यात आहे. त्या विचारत होत्या तुझा नंबर."

मी स्टुलावरून उतरलो आणि समोरच्या दाराची बेल वाजवायला गेलो.